दोन टिचक्या

काचेच्या पेटीतलं बाळ सातव्या महिन्यातच आलेलं, जेमतेम ओंजळीएवढं. मधूनच ते श्वास घ्यायला विसरायचं. मग यंत्र कोकलायचं, थोरल्या सिस्टर पेटीच्या खिडकीतून हात घालून त्याच्या पायाच्या तळव्यावर दोन टिचक्या मारायच्या, की स्वारीचा श्वास पुन्हा सुरू!

"ताई, दुपार टळली. दोन घास खाऊन या ना," धाकटी नर्स म्हणाली.

"विसरभोळा हा आहे, मी नाही. माझ्या ड्युटीत याला कुठं जाऊ द्यायची नाही मी."

यंत्र पुन्हा कोकललं. सिस्टरांचा हात खिडकीशी पोचायच्या आतच बाळाच्या तळव्यावर बारीकसा खळगा पडला. लगेच दुसरा. बाळानं पाय आखडला आणि श्वास घेतला.

पेटीत दुसरं कोणीच नव्हतं.

"कोणी का असेना, बाळ माझं आहे," सिस्टर पुटपुटल्या आणि त्या इवल्या तळव्यावर नजर रोवून उभ्या राहिल्या. यंत्र गप्प होतं. बाळ संथ श्वास घेत होतं. आपण मात्र केव्हापासून श्वास रोखून धरलाय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

बंद बुटाच्या आत, त्यांच्या पायाच्या तळव्यावर, दोन टिचक्या बसल्या.