कुलपाची हमी

"संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसते, म्हणजेच आमचे मंडळ विश्वासार्ह आहे," असे त्या वधूवर सूचक मंडळाने जाहीर केले होते. कुलूप खरेच होते. मात्र ते एवढीच हमी देते, की मजकूर वाटेत कोणी वाचणार नाही. पलीकडे तो वाचणारा सज्जन की भामटा, यावर ते मौन पाळते.

सांगलीच्या इंदुमती साठ्ये एरवी मुलाच्या मामाच्या व्याह्यांचीही चौकशी करीत. येथे कुलूप पाहताच त्यांनी शुल्क भरून जावयाबद्दलच्या अपेक्षा कळवल्या: निर्व्यसनी, सतार वाजवणारा, पुरणपोळीवर दूधच घेणारा.

"आई, कुलपाच्या मामाची चौकशी केलीस का?" लेकीने विचारले.

"गप्प बस!"

आठवड्यात तंतोतंत तसे स्थळ फोनवर आले, थेट हॅम्बुर्गहून. इंदुमतीबाईंनी लेकीने पसंत केलेल्या मुलाला नकार कळवला. साखरपुड्याला पाहुणे जेवून गेले. नवरामुलगा आलाच नाही.

तक्रारीनंतर पकडून आणलेल्या मंडळाच्या संचालकाला त्यांनी पोलीस ठाण्यात गाठले. "कुलूपसुद्धा खोटंच होतं ना रे?"

"नाही काकू, कुलूप अस्सल होतं. तुमच्या अपेक्षा वाटेत कोणीही वाचल्या नाहीत. मी एकट्यानंच वाचल्या, आणि त्यांवरूनच तुमचा जावई रचला."