पुष्पलताताई

"रिकाम्या जीपमध्ये कोण बसतंय रं?" जिवा म्हणाला. "आधी आपलीच माणसं बसवायची. गाडी भरत आली असं दिसलं की लोक धावत येतात. मग आपली माणसं गुपचूप उतरवायची."

जिवा जव्हार-मोखाडा जीप चालवतो. मोखाड्याच्या स्टँडवर सगळे ड्रायव्हर हेच करतात. पंकजच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून चहा पिता पिता तो हे ज्ञान वाटत होता, कारण पंकजची गाडी काही केल्या भरत नव्हती.

पंकजची गाडी म्हणजे मोबाइलमधलं एक छोटं अ‍ॅप. एका बाजूला पाड्यावरची बोली, दुसऱ्या बाजूला मराठी. आई आजारी होती तेव्हा नर्सबाईंना तिचं बोलणं उमगायचं नाही. पंकज मधे बसून सांगायचा. आई गेली. मग त्याला वाटलं, ज्यांच्या मधे बसायला कोणी नाही त्यांनी काय करायचं? ठाण्याला नोकरीत असताना प्रोग्रॅमिंग शिकला होता, ते कामी आलं. अ‍ॅप तयार केलं आणि त्याचा सगळा कोड इंटरनेटवर एका पानावर उघडा ठेवला. कोणीही यावं, शब्द घालावेत, चुका सुधाराव्यात, फुकट वापरावं.

आणि आलं कोण? कुत्रंसुद्धा नाही! पाऊस सरला, नाचणी कापून झाली, तरी त्या पानावर नाव एकच: पंकज.

आई गेल्यापासून साखरशेतच्या पाड्यावरचं घर बंद होतं. मोखाड्यात भाड्याची खोली. दिवसभर दुकानात बोलणं म्हणजे "एक कॉपी की दोन?" संध्याकाळी खोलीवर आलं की आईच्या बोलीत 'जेवलास का' विचारणारं कोणी नव्हतं. याचंच त्याला फार वाईट वाटायचं. अ‍ॅपवर माणसं आली तर निदान त्या बोलीतला आवाज तरी येईल, एवढीच त्याची आस होती.

"बरं, बसवतो एक माणूस," पंकज म्हणाला. "नाव काय देऊ?"

"बाईचं दे. बाई बसलेली दिसली की बायाबी बसतात."

म्हणून पुष्पलता आली. पुष्पलता शब्द पाठवायची, पंकज आभार मानायचा. मग पुष्पलता म्हणायची, आभार कसले. आपणच बोलायचं, आपणच मान डोलवायची! पंकजला स्वतःची लाज वाटली, पण पानाला जरा जाग आली हे खरं.

आणि काय नवल! एक दिवस खरंच कोणीतरी चढलं. रुपी. गाव जव्हारकडचं वांगणी, कामाला वसईला. मागोमाग तिचा भाऊ धर्मेंद्र आणि वहिनी जयवंती. धर्मेंद्र मितभाषी, पण कोडमधली चूक अशी पकडायचा की बोलायची सोय नाही. जयवंती चुलीचे, शेताचे शब्द ओंजळ भरभरून पाठवायची. तिघं गप्प व्हायचे तेही एकदम आणि परत यायचे तेही एकदम. घरात मोबाइल एकच असेल, असं पंकजने मनाशी धरलं.

रुपी मात्र बडबडी. तिचं सगळं बोलणं पुष्पलताशी. "ताई, जेवलात का?" ती विचारायची, तेही त्याच बोलीत. पंकजला भरून यायचं. उत्तर पुष्पलताच्या नावाने द्यावं लागायचं, एवढंच.

अ‍ॅप चांगलं चालू लागलं. पाड्यांवर फिरणारी एक नर्सताई दुकानात येऊन म्हणाली, "ते बोलीचं अ‍ॅप माझ्या मोबाइलमध्ये घालून द्या हो." त्या दिवशी पंकजने जिवाला चहाबरोबर भजीही खाऊ घातली.

आणि मग रुपीचा निरोप आला. "ताई, या बाजाराला मी मोखाड्यात येते. तुम्हाला भेटायचंच आहे. तुमच्या हातची भाकर खाणार."

पंकजने तो जिवाला वाचून दाखवला.

"सासरी पाठव तुझ्या पुष्पलताला," जिवा म्हणाला. "नायतर मारून टाक."

"आणि तिचे दिवस कोण घालणार, तू?"

जिवा हसला, पंकजला हसू येईना. आता गाडी भरली होती, बसवलेलं माणूस उतरवायलाच हवं होतं. पण ते उतरताना दिसलं तर बाकीचेही उतरतील, ही धास्ती. पुन्हा ती खोली आणि तीच शांतता, नुसत्या विचाराने त्याला कसंतरी झालं. खोटं बोलून भाकर खाऊ घालणंही जमणार नव्हतं. शेवटी मन घट्ट करून त्याने तिघांना मिळून लिहिलं:

"पुष्पलता म्हणून कोणी नाही. ती मीच. एकट्याकडे कोणी येत नव्हतं, म्हणून ते नाव बसवलं. चुकलो. तुम्हाला राग येणं साहजिक आहे. जायचं असेल तर अडवत नाही."

पाठवलं आणि तो वाट बघत बसला. धर्मेंद्रचं उत्तर नाही. जयवंतीचं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक समोर उभं, तरी त्याचे डोळे मोबाइलवर. जिवाने बाहेरून हॉर्न वाजवला, तोही त्याला ऐकू गेला नाही.

दुपारी उत्तर आलं. एकट्या रुपीचं.

"पंकजदादा, पाड्यावरून कामाला निघालो तरी सोबत असल्याशिवाय आपण निघत नाही. मी तर इथं वसईला एकटीच. तुमच्या पानावर पुष्पलताताई दिसल्या म्हणून यायचा धीर केला. तरी अनोळखी ठिकाणी एकटीनं कसं जावं, म्हणून भाऊ-भावजय बरोबर आणली. मला भाऊ नाही, दादा. धर्मेंद्र मीच, जयवंतीही मीच."