बांगड्यापासून

तंत्रज्ञाने चुंबकाची कडी कानामागे नेली, तसा नलिनीताईंनी त्याचा हात झटकून टाकला.

“आई, पाच मिनिटांचं काम आहे,” त्यांचा मुलगा श्रीरंग म्हणाला. “चिप कोरी होईल, मग तिच्यात शुद्ध भाषा भरता येईल. रविवारी तुझ्या नातीचा, मीराचा साखरपुडा आहे. तिच्या सासरच्यांसमोर तू हे असं बोलणार?”

पक्षाघाताने नलिनीताईंची वाचा गेली, तेव्हा श्रीरंगनेच त्यांच्या मेंदूत चिप बसवून त्यांना वेंगुर्ल्याला पाठवून दिलं होतं. चिपमधले चुंबकी दुवे लहान मुलासारखे शिकायचे. जो शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडे, त्याची वाट पक्की होई. शेजारची भागीरथी मासे विकून आली की त्यांच्यासमोर बसायची, बांगडा दाखवून ‘बांगडो’ म्हणायची आणि त्या बोलेपर्यंत उठायची नाही.

“एकदा पुसलं की परत येणार नाही,” तंत्रज्ञ म्हणाला. “आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय मी पुसणार नाही.”

“नाय!” नलिनीताई गरजल्या. “माका बोलूक भागीरथीन शिकवल्यान. तेव्हा तू खंय होतस, मेल्या?”

“आई, हळू.”

“हळू कित्याक? रविवारी भागीरथी येतली, माझ्या बाजूक बसतली.”

“अगं, पण त्या लोकांना तुम्हा दोघींचं काही कळणार नाही!”

“नाय कळला तर मी शिकवतलंय,” नलिनीताई म्हणाल्या. “बांगड्यापासून.”