जास्तीचं वजन

आई गेल्यावर घर रिकामं करायला मी राडारोड्याचा कंटेनर भाड्याने ठरवत होते. दर भलताच कमी होता. जन्मभर वजनकाट्यावर नोकरी केलेल्या बाबांनी फोन हिसकावला. "नंतर वजनाचे वेगळे, दिवसांचे वेगळे लावाल! सगळं धरून एकच आकडा सांगा, लिहून द्या." तासभर हुज्जत घालून त्यांनी कागद मिळवलाच: वजन कितीही भरो, पैसे तेवढेच. आज सकाळपासून बाबा कंटेनरपाशी खुर्ची टाकून बसले होते. मोडकं कपाट गेलं, गाद्या गेल्या. त्यांनी नुसती मान डोलावली. मग हमालांनी आईचं गंजलेलं शिलाई मशीन आणलं. बाबा ताडकन उठले. "ते नको! तीस किलो आहे. जास्तीच्या वजनाचे पैसे लावतील लेकाचे." कागद माझ्या पर्समध्येच होता. "खरंच बाबा, परवडायचं नाही," मी म्हणाले, आणि मशीन माझ्या गाडीत अलगद ठेवायला सांगितलं.