बरणीतला मासा

रझाकारांच्या धास्तीचे दिवस होते. गावच्या विहिरीत कुणीतरी विष कालवलं, अशी आवई झरीच्या बाजारातून आली आणि सकाळपासून कुणी पाण्याला शिवलं नाही. दुपारी भुजंग पाटील त्याच विहिरीची भरलेली घागर घेऊन शाळेत आले, मागं सारं गाव. “गुरुजी, तुमचा मासा ह्या पाण्यात सोडून बघू. लेकरं तहानेनं रडायलेत.” दुधना नदीतला तो मासा मुलांनी वर्षभर काचेच्या बरणीत जपला होता. मी नाइलाजानं बरणी उचलली. तेवढ्यात मेंढरं राखणाऱ्या धोंडीबाची लहानगी लेक कासी पुढं आली; तीच माशाला रोज भाकरीचा चुरा घालायची. “त्याला सोडू नका, गुरुजी.” “अगं, पाणी पारखायला नको?” “म्या पिलं की. घागरीतलं, ओंजळभर. तुमी बोलत होता तवा. आता मासा कशाला?” मी तिला मांडीवर घेतलं. मासा बरणीत फिरत राहिला. गाव तिचा श्वास मोजत बसलं.