सत्काराचा कोट

"दादा, झकास शीव हं. स्टेजवर बसायचंय," हात पसरून उभा राहत धाकटा भाऊ म्हणाला.

शिंप्याने गळ्यातली टेप काढली, डावा हात जपत. कालच डायलिसिस झालं होतं आणि सुया टोचून टोचून त्या हाताच्या नुसत्या गाठी झाल्या होत्या. बायको मापांची वही घेऊन बसली.

"कसला सत्कार, भाऊजी?"

"अवयवदानाचा! डोळे, काळीज, किडन्या, मेल्यावर सगळं देणार म्हणून फॉर्म भरलाय मी. गुरुवारी हार घालणार आहेत."

"गुरुवारी तर तुमची तपासणी आहे."

ही तिसरी तारीख. पहिल्या वेळी धाकट्याची गाडी बंद पडली, दुसऱ्या वेळी त्याला सर्दी झाली. बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. घरात जुळणारा हा एवढा एकच. आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फार दिवस असे निघायचे नाहीत.

"तेच सांगायला आलो, वहिनी. मी पार वाळलोय हो. कपडे अंगावर लोंबतात. अशा माणसाची किडनी घेतात का कुठे?" हे बोलताना त्याने खाली बघितलं नाही. खाली पोट होतं.

शिंप्याने त्या पोटाभोवती टेप घेतली. धाकट्याने पोट आत ओढलं.

"श्वास सोड."

"सोडलाय."

शिंपी टेप धरून थांबला. तीस वर्षांत असली पोटं त्याने पुष्कळ पाहिली होती. श्वास काही कुणाला जन्मभर धरून ठेवता येत नाही. धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला, आणि मग पोट गुमान आपल्या जागी परत आलं. चव्वेचाळीस. मागचा कोट एक्केचाळीसचा होता.

शिंप्याला राग आला नाही. किळस आली.

"किती लिहू?" बायकोने विचारलं.

"अडतीस."

"अडतीस?" धाकटा दचकला. "अरे दादा, बटण तरी लागेल का?"

"न लागायला काय झालं? वाळलायस ना तू?"

बायकोने अडतीस लिहिलं आणि त्याखाली जोर देऊन रेघ ओढली.

धाकटा अजून तसाच उभा होता, देऊन टाकायला निघाल्यासारखे दोन्ही हात पसरून.

"हात खाली घे," शिंपी म्हणाला. "तुझं माप झालं."