पिशाच्चाचा बाजा

"तुह्या वावरात बाई रडते, तेजराम. तिचं रडनं बंद कर, मंग आमी इळा लावतो."

रंभाबाई वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून बोलली आणि मागच्या साऱ्या बायांनी माना डोलावल्या. कोंढ्याच्या त्या शिवारात धान कापायचं तर रंभाबाईच्या टोळीनं. ती नाही म्हणाली की दुसरी कोणी पदर खोचत नसे. तेजरामनं हात जोडले. दिवस कलला होता, पूर्वेकडून ढग चढत होते आणि धान असं पिकलं होतं, की चिमणी बसली तरी लोंबी गळावी. उद्या कापणी झाली नाही तर घराचं वर्षाचं खाणं चिखलात जाणार होतं.

"अवो काकी, बाई नोहे ते! बाजा आहे, बाजा!"

बाजा खरंच वाजत होता. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, मधोमध मोहाच्या झाडाला एक स्पीकर टांगला होता आणि त्यातून जे निघत होतं, त्याला गाणं म्हणायला छाती लागते. रक्त पिणाऱ्या पिशाच्चांची कोणतीशी जपानी कार्टून मालिका, तिचं ते संगीत. आधी एक भलीमोठी पेटी, पोटात कळ आल्यासारखी कण्हायची. तिच्यात राइस मिलचा पट्टा तुटावा तशी गिटार किंचाळायची. मग ढोल, मग वरातीतला रस्ता चुकलेला ट्रंपेट, आणि या साऱ्यांवरून एक बाई न कळणाऱ्या भाषेत टाहो फोडायची.

हे खूळ डिंपलचं. तेजरामची एकुलती लेक दिवसभर हेच ऐकत पडायची. वैशाखात ती पवनीच्या एका विणकराच्या पोराशी लग्न करून निघून गेली. स्पीकर तेवढा मागं राहिला. तेजरामनं त्याच दिवशी घरात सांगितलं, "जो तिचं नाव घेईन, त्यानं माह्या चुलीपाशी बसू नये." तेव्हापासून गोदावरीबाई, त्याची बायको, मुकाट भाकरी थापत होती.

पुढं धान पोटरीला आलं, लोंब्या धरू लागलं आणि रानडुकरं उतरली. तेजरामनं फटाके फोडले, डुकरं पांगली आणि परतली. भजन लावलं, तर डुकरांनी ते बसून ऐकलं, आणि जेवण करूनच उठली. हताश होऊन त्यानं तो स्पीकर झाडाला टांगला. आणि काय सांगावं! कळप सोडून एकटा फिरणारा एक मोठा एकुलगा डुक्कर म्हणे पेटीच्या सुरावर डोलायला लागला होता, तेवढ्यात गिटार किंचाळली. तो सुटला तो थेट वैनगंगा पोहून पार झाला. तेजराम चौकात शपथेवर सांगे, "डुकराले एका सुराची सवय होते. हा बाजा घडीघडीले जात बदलते. सवय लागाचा सवालच नाही!" रोज दिवे लागायच्या आधी बाजा लावायला जायचं काम गोदावरीबाईनं आपणहून मागून घेतलं. तेजरामला चौकात बसायला तेवढीच सवड झाली.

आता मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काकी, डोळ्यानं पाहा. बंद करून दाखवतो. आवाज गेला, म्हणजे बाईही गेली. मंग उद्या सकाळी याल ना?"

"रडनं बंद झालं, तर येऊ," रंभाबाई म्हणाली.

तो धान तुडवत पळाला. लोंब्या पायाखाली झडत होत्या. त्यानं झाडाखाली पोचून बटण दाबलं. पेटी थांबली. गिटार मेली. टाहो मध्येच तुटला.

वावर शांत झालं.

आणि त्या शांततेत, दहा हातांवर, धानाच्या आत, बाई रडत होती.

भूतपिशाच्च काही नसतं असं चौकात छातीवर हात मारून सांगणारा माणूस तेजराम, त्यानं आता त्याच हातानं मोहाचं खोड कवटाळलं. धुऱ्यावरची एकही बाई मात्र पळाली नाही. त्याला त्याचंच जास्त भेव वाटलं.

"खोडाले काय धरून राहिला?" रंभाबाई ओरडली. "डुक्कर बाजाले भेत नाही रे, मानसाच्या वासाले भेते! शेजारच्या परसरामनंही हाच बाजा लावला, डुकरं त्याच्या बांधीत नाचून गेले. तुह्या धानाची राखन कोन करून राहिलं, जाऊन पाह्य तरी!"

तेजरामनं धान बाजूला सारलं.

गोदावरीबाई उकिडवी बसली होती. पदराचा बोळा तोंडात, गालावरून धारा, आणि कानाला रंभाबाईचा बटणांचा फोन. नवऱ्याला पाहून फोन लपवावा एवढंही तिला सुचलं नाही. जुना फोन तो, कानाला लावला तरी आवाज चार हातांवर ऐकू येणारा.

"माय," फोनमधून डिंपलचा रडवेला आवाज आला, "बाजा काहून बंद झाला? कोनी ऐकन ना! बाबा आले का?"

गोदावरीबाईनं डोळे मिटून घेतले. ढगांत गुरगुर झाली. तेजराम खाली बसला आणि बायकोच्या हातातून तो घेतला.

"आले," तो म्हणाला. "उद्या कापनी आहे. मानसं कमी आहेत. दोघंही या."